म्हादईचा प्रश्न पर्वरीत: जानेवारी २०२३ च्या अधिवेशनाचा प्रकरण अभ्यास

२९ डिसेंबर २०२२, गुरुवार. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधानसभेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित अहवालाला केंद्रीय जल आयोगाने मंजुरी दिली आहे, असं मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सभागृहाला सांगितलं. गोव्यातल्या बहुतेकांना ही बातमी अशी कळली: शेजारच्या राज्याच्या सभागृहातून, शेजारच्या मुख्यमंत्र्यांच्या तोंडून.

अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २०२३ ला, पर्वरीत गोवा विधानसभेचं चार दिवसांचं अधिवेशन सुरू झालं. राज्यपालांच्या अभिभाषणापासूनच विरोधकांनी म्हादई लावून धरली. त्याच दिवशी साखळीजवळच्या विर्डीत ‘सेव्ह म्हादई, सेव्ह गोवा’ची सभा भरली. आधी ती साखळीत व्हायची होती. नगरपालिकेने परवानगी काढून घेतली, तेव्हा लोक विर्डीत जमले. साखळी हा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचा मतदारसंघ. म्हणजे एकाच दिवशी मुख्यमंत्र्यांना सभागृहातही उत्तर द्यायचं होतं आणि त्यांच्या घरच्या अंगणातही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. म्हादई ही माझ्यासाठी वर्तमानपत्रातली नदी नाही. पावसाळ्यात तिचा आवाज रात्रभर घरात येतो. मे महिन्यात तिच्या पात्रातले गोटे उघडे पडतात आणि फक्त कोंडींत पाणी उरतं. त्यामुळे त्या चार दिवसांची चर्चा मी मोबाइलवर जमेल तेवढी ऐकली, नंतर छापील कागद जमेल तेवढे वाचले. इथे मांडतो आहे ती त्या अधिवेशनाची चिकित्सा. गोव्याचं पाणी कुणी विकलं, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर पुष्कळ बोलून झालं आहे. मला सांगायचंय ते वेगळं आहे: आमदारांचा राग खरा होता, पण प्रश्नांची घडण अशी होती की मंत्र्यांकडून आकडा बाहेर पडत नव्हता. आणि म्हादईचा खटला पहिल्यापासून आकड्यांचा आहे.

आधी नदी, मग सभागृह

चोर्ला घाट चढून बेळगावच्या वाटेला लागलं की कणकुंबी येतं. गाव खानापूर तालुक्यातलं, बोली मराठी, राज्य कर्नाटक. माउलीच्या देवळाजवळ एक कुंड आहे. मलप्रभेचा उगम तो हाच, असं गावकरी दाखवतात. मलप्रभा तिथून पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळच्या नवलतीर्थ धरणात साठते, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. याच गावच्या शिवारातून कळसा नाला पश्चिमेला वळतो, सत्तरीत उतरतो, म्हादईला मिळतो, आणि म्हादई मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात जाते. एका गावात दोन समुद्रांचं पाणी वेगळं होतं. मधला उंचवटा फार मोठा नाही. पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात आलं, हे पाणी इकडून तिकडे वळवायचं कुणाला सुचलं नसतं तरच नवल.

तिथे २००६ साली कर्नाटकाने कालव्याचं खोदकाम सुरू केलं. रस्त्यावरून ती चर दिसते. लाल मातीत खोलवर कापलेली, बाजूला मातीचे ढीग, त्यावर आता झुडपं आलेली. सुधारित अहवालात उघड्या कालव्याऐवजी पाणी उपसून नळांतून नेण्याची योजना आहे. त्यामुळे उद्या तिथे गेलं तर डोळ्यांना फारसं काही दिसणारही नाही.

नदीचा इतिहास थोडक्यात. खोरं सुमारे २,०३२ चौरस किलोमीटरचं: गोव्यात १,५८०, कर्नाटकात ३७५, महाराष्ट्रात ७७. केंद्राने एप्रिल २००२ मध्ये कर्नाटकाला ७.५६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवण्यास तत्त्वतः मान्यता दिली आणि गोव्याच्या हरकतीनंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. गोव्याने जुलै २००२ मध्येच लवादाची मागणी केली होती. लवाद नेमला गेला १६ नोव्हेंबर २०१० ला, निवाडा आला १४ ऑगस्ट २०१८ ला. न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखालील या लवादाने गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कर्नाटकाच्या १३.४२ मधले ८.०२ वीजनिर्मितीसाठी, १.५ खोऱ्यातल्याच गरजांसाठी, आणि मलप्रभेत वळवण्यासाठी ३.९: कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. तरी २७ फेब्रुवारी २०२० ला केंद्राने निवाडा राजपत्रात प्रसिद्ध केला.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. ३.९ टीएमसी म्हणजे ११ हजार कोटी लिटरच्या वर. हे ऐकून माणूस हबकतो. पण लवादाने खोऱ्यातलं एकूण पाणी धरलं आहे १८८.०६ टीएमसी, ७५ टक्के विश्वासार्हतेने. म्हणजे चारपैकी तीन वर्षं एवढं पाणी मिळेलच, असा हिशेब. १८८ मधले ३.९ म्हणजे शंभरात दोन. कर्नाटकाची सगळी मांडणी या दोनावर उभी आहे: एवढं पाणी समुद्रात जातं, त्यातले शंभरात दोन आमच्या हुबळी-धारवाडच्या तहानेला दिले तर गोव्याचं काय बिघडतं? नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी या मागणीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसले आहेत. त्यांची तहान खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या आजोळचे लोक खानापूर भागातले, उन्हाळ्यात घागरी कशा रांगेत लागतात ते मी पाहिलं आहे.

पण या दोनाला उत्तर आहे, आणि ते घोषणेत मावत नाही. १८८ टीएमसी हा वर्षाचा आकडा. सत्तरीत पाऊस पडतो चार महिने. त्या चार महिन्यांत नदी भरून वाहते आणि जवळजवळ सगळा आकडा तेव्हाच भरतो. उरलेल्या आठ महिन्यांत नदी जगते ती डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यावर, म्हणजे कणकुंबीसारख्या माथ्यावरच्या नाल्यांवर. दाबोसचा पाणीपुरवठा प्रकल्प थेट म्हादईतून पाणी उचलतो. गांजेच्या खाली मांडवीत भरतीचं खारं पाणी चढतं, गोडं पाणी त्याला मागे रेटतं. वरून येणारं गोडं पाणी किती, यावर खारं पाणी कुठे थांबणार हे ठरतं. वर्षाच्या बेरजेत शंभरात दोन असलेलं पाणी एप्रिलमध्ये, वरच्या अंगाच्या एखाद्या नाल्यात शंभरात किती असतं? म्हादईच्या खटल्याचा गाभा हा प्रश्न आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंत्र्यांना विचारायचा होता तो हाच.

सात विरुद्ध तेहतीस

सभागृहाचं बळ तेव्हा असं होतं. २०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी भाजपचे २० निवडून आले, काँग्रेसचे ११. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला काँग्रेसचे ८ आमदार भाजपमध्ये गेले. जानेवारीत विरोधी बाकांवर उरले सातजण: काँग्रेसचे तीन, आम आदमी पक्षाचे दोन, गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई आणि रिव्होल्युशनरी गोवन्सचे वीरेश बोरकर. विरोधी पक्षनेते युरी आलेमाव. प्रश्न विचारायला सात तोंडं. आणि त्यांच्या मतदारसंघांतला एकही सत्तरीतला नाही. नदी जिथून उतरते तिथले आमदार सत्ताधारी बाकांवर होते.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुरवणी प्रश्न हा जागेच्या माहितीवर जगतो. मूळ प्रश्न आधी लेखी जातो, खातं त्यावर बसून उत्तर तयार करतं. मंत्री उभे राहून ते वाचतात, किंवा ‘पटलावर ठेवलं आहे’ म्हणतात. खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर. आमदार उभा राहतो आणि विचारतो, ‘अध्यक्ष महोदय, उत्तरात म्हटलंय की अमुक ठिकाणी मोजणी होते. ते ठिकाण संगमाच्या वर की खाली?’ इथे मंत्र्यांच्या मागे बसलेल्या अधिकाऱ्यांची चुळबुळ सुरू होते, चिठ्ठी पुढे येते. हा प्रश्न त्यालाच सुचतो ज्याने तो संगम पाहिला आहे, किंवा ज्याच्या कानात पाहिलेल्या माणसाने सांगितलं आहे.

सातजणांनी आपल्या परीने झुंज दिली, यात वाद नाही. चर्चा झाली, आवाज चढले, केंद्रातलं सरकार, कर्नाटकातलं सरकार आणि गोव्यातलं सरकार एकाच पक्षाचं असताना हे घडलंच कसं, हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर काय येणार? ‘आम्ही म्हादईच्या बाबतीत तडजोड करणार नाही.’ या वाक्यावर पुरवणी प्रश्न विचारता येत नाही. त्यात तारीख नाही, जागा नाही, संख्या नाही. अशा वाक्यावर फक्त चिडता येतं.

सरकारकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असंही नाही. ११ जानेवारीला गोव्याचं शिष्टमंडळ दिल्लीत अमित शहांना भेटून आलं होतं. गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २९ खाली कर्नाटकाला नोटीस बजावली होती. अभयारण्यात येणारं किंवा तिथून जाणारं पाणी वळवायचं, अडवायचं तर या अधिकाऱ्याचा परवाना लागतो, असं ते कलम सांगतं. म्हादई अभयारण्य २०८.५ चौरस किलोमीटरचं, १९९९ साली घोषित झालेलं. माझ्या मते गोव्याच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार हेच होतं, आणि त्यावर सभागृहात तासभर नुसती उलटतपासणी व्हायला हवी होती. नोटिशीत कोणत्या नाल्यांची नावं आहेत? हे नाले अभयारण्याच्या हद्दीत कोणत्या ठिकाणी शिरतात, तिथे प्रवाहाची नोंद कधीपासून आहे? हद्दीच्या आत उन्हाळ्यात किती पाणी हवं, याचा अभ्यास कुणी केला, केव्हा? या प्रश्नांची नेमकी उत्तरं आली असती तर गोव्याची बाजू बळकट झाली असती. ‘माहिती नाही’ असं उत्तर आलं असतं तर निदान काय करायचं बाकी आहे, ते सगळ्यांना कळलं असतं.

‘न्यायप्रविष्ट’

मंत्र्यांच्या बाजूने एक अडचण खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. विषय सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे आपला वकील काय मांडणार, कोणता तज्ज्ञ कोणता मुद्दा घेणार, हे पर्वरीत उघड केलं तर बेळगावात ऐकू जातं. एवढं झाकून ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे.

पण ‘विषय न्यायप्रविष्ट आहे’ हे झाकण किती मोठ्या भांड्यावर ठेवायचं? न्यायालयापुढे आहे तो वाटपाचा वाद. गेल्या मे महिन्यात गांजेला नदीत किती पाणी होतं, ही गोष्ट न्यायप्रविष्ट नाही. गोव्याच्या वाट्याच्या २४ टीएमसीपैकी आज किती वापरतो, ही न्यायप्रविष्ट नाही. किती बंधारे आहेत, त्यांतल्या किती बंधाऱ्यांत जानेवारीत पाणी उभं होतं, हेही नाही. ही राज्याच्या खात्याच्या वहीतली माहिती आहे, आणि पाणी हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीतला आहे. आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे असलं तरी आपल्या हद्दीतलं पाणी मोजायला दिल्लीची परवानगी लागत नाही. आमदार ‘न्यायप्रविष्ट’ या शब्दापाशी थांबले की मंत्र्यांचं काम सोपं होतं. थांबायचं नसेल तर प्रश्न असा बेतावा लागतो की तो शब्द त्याला लागूच होणार नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळच्या एका बंधाऱ्यावरून मी एका आमदारांच्या मदतनिसाकडे गेलो होतो. कागदावर लिहून नेलं होतं: ‘आमच्या बंधाऱ्याची देखभाल का होत नाही?’ त्याने पेन काढलं आणि ‘का’ खोडला. म्हणाला, “मास्तर, ‘का’ विचारलं की भाषण मिळतं. ‘किती’ आणि ‘केव्हा’ विचारा, कागद मिळतो.” मग दोघांनी बसून लिहिलं: या परिसरात किती बंधारे आहेत, प्रत्येकाला पाणी अडवायच्या फळ्या बसवल्याची गेल्या तीन वर्षांतली तारीख कोणती, काढल्याची कोणती, त्यावर खर्च किती.

अधिवेशनात उत्तर आलं, तक्त्याच्या रूपात. आमच्या बंधाऱ्यासमोर फळ्या बसवल्याची तारीख डिसेंबरातली होती. मी तो कागद घेऊन बंधाऱ्यावर गेलो. फळ्या काठावरच्या आंब्याखाली रचून ठेवल्या होत्या, खालच्या दोनांना वाळवी लागलेली, वर कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या. पाणी मोकळं वाहून चाललं होतं. फोटो काढला, मदतनिसाला पाठवला. लेखी प्रश्नावर पुढच्या वेळी पुरवणी प्रश्न आला. मंत्री म्हणाले, पाहणी करायला सांगतो. आठवड्याच्या आत कनिष्ठ अभियंता दारात उभा. फळ्या बसल्या, पण तोवर वायंगणाचा, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाचा, हंगाम निम्मा गेला होता आणि आमच्या शेजाऱ्यांचे अळसांदे सुकले होते. खात्याने चुकीची तारीख दिली, त्याबद्दल कुणाला जाब विचारला गेला का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र एक गोष्ट कळली. तक्ता चुकीचा निघाला म्हणूनच काम झालं. भाषण चुकीचं आहे असं सिद्ध करता येत नाही. तक्ता चुकीचा आहे हे वाळवी लागलेल्या फळीने सिद्ध होतं.

याला जोडून एक बोलायचं राहून जातं. ही लेखी उत्तरं बहुतेक इंग्रजीत असतात. आमदार कोंकणीत बोलतात, मराठीत बोलतात, पण पटलावर जाणारा कागद इंग्रजी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करता येईल अशी तरतूद झाली. तरीही सत्तरीतल्या बागायतदाराला त्याच्याच नदीवरचं मंत्र्यांचं उत्तर कुणाकडून तरी समजून घ्यावं लागतं. देवळाच्या मंडपात बसून असे कागद मी वाचून दाखवले आहेत. ऐकणाऱ्यांपैकी एक वयस्क बागायतदार एकदा मधेच म्हणाले, “हे ठिकाण चुकलंय, तिथे नदीला दोन फाटे आहेत.” पर्वरीत हवा होता तो पुरवणी प्रश्न मंडपात विचारला गेला.

समिती, आणि तिचे अध्यक्ष

१९ जानेवारीला अधिवेशन संपताना म्हादईसाठी सभागृह समिती नेमायचं ठरलं. विरोधकांना वाटलं, काही पदरात पडलं. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. समिती म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासाची घाई नाही, कागद मागवता येतात, अधिकाऱ्यांना समोर बसवता येतं, कणकुंबीला जाऊन पाहता येतं.

समितीचे अध्यक्ष झाले जलस्रोतमंत्री सुभाष शिरोडकर. यात नियमाबाहेरचं काही नाही, आणि माझा रोख व्यक्तीवर नाही. पण रचनेतला दोष पाहा. ज्या खात्याला प्रश्न विचारायचे, त्याच खात्याचे मंत्री बैठक केव्हा बोलवायची ते ठरवणार, विषयपत्रिका त्यांच्या हातात, कागद मागवायचे ते त्यांच्याच अधिकाऱ्यांकडून. सभागृहात मंत्री उत्तर देणाऱ्याच्या जागी उभे असतात. समितीत ते विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसले आणि उत्तर देणाऱ्याची जागा रिकामी राहिली. पहिली बैठक ८ फेब्रुवारी २०२३ ला झाली. पुढच्या काळात बैठका होत नाहीत, अशी तक्रार विरोधक वारंवार करत राहिले. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची रीत आहे. ती रीत ज्या कारणाने पडली, तेच कारण इथेही लागू होतं. १९ जानेवारीला सातजणांनी समितीच्या मागणीबरोबर अध्यक्षपदाचा आग्रह शेवटपर्यंत धरायला हवा होता, असं मला आज वाटतं. तो मान्य झाला नसता, पण नकाराची नोंद कामकाजात राहिली असती.

मधल्या दिवसांत २८ जानेवारीची बेळगाव जिल्ह्यातली सभा झाली. गोवा आणि कर्नाटक यांच्यातला म्हादईचा जुना तंटा सोडवून कर्नाटकाच्या शेतकऱ्यांना पाणी दिलं, अशा आशयाचं विधान अमित शहांनी तिथे केलं. अधिवेशन संपून नऊ दिवस झाले होते. आपण या विधानाशी सहमत नाही, हे गोवा सरकारला सभागृहाबाहेर सांगावं लागलं. दहा दिवस आधी सभागृहात कुणी नेमका प्रश्न विचारला असता, ‘११ जानेवारीच्या भेटीत गोव्याने लेखी काय दिलं आणि केंद्राकडून लेखी काय मिळालं? ते पटलावर ठेवणार का?’, तर २८ तारखेच्या विधानासमोर ठेवायला गोव्याकडे कागद असता.

२२ फेब्रुवारी २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘प्रवाह’ या प्राधिकरणाला मंजुरी दिली. लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी पाहणं हे त्याचं काम, मुख्यालय पणजीत. सरकारने हे यश म्हणून सांगितलं. विरोधकांनी म्हटलं, अंमलबजावणी म्हणजे कर्नाटकाच्या ३.९ टीएमसीचीही अंमलबजावणी. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुलै २०२४ मध्ये प्रवाहच्या पथकाने तिन्ही राज्यांत फिरून पाहणी केली, म्हणजे मोजण्याचं काम शेवटी कुणीतरी सुरू केलं. आता गोव्याने आपल्या वहीतले आकडे त्यांच्यासमोर ठेवले का, कोणत्या ठिकाणांचे, किती वर्षांचे, हे विचारायची जागा पर्वरीच आहे. गोव्याचे लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक. कर्नाटकाचे लोकसभेत २८, राज्यसभेत १२. दिल्लीत संख्येने आपण कधीच जिंकणार नाही. आपल्याकडे नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग आहे आणि ४० आमदारांचं सभागृह आहे, जिथे मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं.

सत्ताधारी बाकांबद्दलही लिहिलं पाहिजे. प्रश्न विचारणं हे विरोधकांचंच काम, असा समज आपण सगळ्यांनी करून घेतला आहे. तेहतीसजणांत सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा या नदीकाठच्या भागांतले आमदार होते. स्वपक्षाच्या मंत्र्याला अडचणीत न आणताही त्यांना विचारता आलं असतं: माझ्या मतदारसंघातल्या अमुक ठिकाणी पाणी मोजण्याची पट्टी केव्हा बसवणार? असा प्रश्न बंडाचा नसतो. तो मंत्र्यालाही सोयीचा असतो, कारण पुढे सर्वोच्च न्यायालयात त्याच पट्टीवरचा आकडा गोव्याच्या कामी येणार.

एक तक्ता

गेल्या पावसाळ्याआधी मी पुन्हा त्या मदतनिसाकडे गेलो. आता तो दुसऱ्या आमदारांकडे आहे. या वेळी कागदावर ‘का’ नव्हता. म्हादई आणि तिच्या उपनद्यांवर खात्याची प्रवाह मोजण्याची ठिकाणं किती, नावांसकट. प्रत्येक ठिकाणी नोंद कोणत्या वर्षापासून. गेल्या पाच वर्षांत जानेवारी ते मे या महिन्यांतला प्रत्येक महिन्याचा सरासरी प्रवाह. कोणत्या महिन्यांत नोंद झाली नाही आणि ती न होण्याची तारीख. यांपैकी कोणती माहिती ‘प्रवाह’ला दिली, कोणत्या दिवशी.

त्याने शेवटची ओळ दोनदा वाचली. “ही ठेवू का पुरवणीला?” म्हणाला. “आधीच विचारली तर तयारी करून येतील.” आम्ही ती ओळ मूळ प्रश्नातून काढली आणि वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली. मग त्याने विचारलं, मोजणीचं ठिकाण प्रत्यक्ष कसं असतं, आमदारांना सांगायला पाहिजे.

गांजेला मी पाहिलं होतं, ते त्याला सांगितलं. केंद्रीय जल आयोगाचं ठिकाण. काठावर उतरत गेलेल्या पट्ट्या, पांढऱ्यावर काळे आकडे, पुराच्या गाळाने खालचे पुसट झालेले. पाणी जिथे पट्टीला टेकतं तो आकडा वाचायचा आणि वहीत मांडायचा. मी गेलो तेव्हा मे महिना होता आणि पाणी सर्वांत खालच्या पट्टीपाशी होतं. त्याने चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं: ‘खालची पट्टी. आकडे पुसट. कोण रंगवतं?’